क्षेमकुशलाचा कागद

ज्येष्ठ लागला, समुद्र खवळला, आणि मुंबईच्या फेऱ्या करणारी गलबते खाडीच्या आत ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवली गेली, की एकोणिसाव्या शतकातला रत्नागिरी जिल्हा नारळी पौर्णिमेपर्यंत जवळजवळ स्वतःपुरताच उरत असे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, तिच्यातून उतरणाऱ्या कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांच्या निसरड्या वाटा, वाटेत पावसाने फुगलेल्या नद्या आणि पश्चिमेस बंद पडलेला दर्या, अशा कोंडीत बाणकोटापासून वेंगुर्ल्यापर्यंतचा हा लांबट मुलूख सापडलेला असे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास १८८६ साली इंग्रज सरकारने रत्नागिरीस आणून ठेवले, त्यात या दुर्गमतेचा हिशेब होता असे मानतात. परंतु ज्या दुर्गमतेचा उपयोग सरकारला एका राजाला जगापासून तोडण्यासाठी झाला, तीच दुर्गमता सोसून याच जिल्ह्यातील हजारो साधी माणसे दरसाल पोटासाठी, विद्येसाठी, पलटणीसाठी अथवा पुण्यासाठी बाहेर पडत होती. त्यांच्या मागे राहिलेल्या आईबापांना, बायकोला आणि मुलांना त्यांची खबर कशी लागत होती, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत सहसा विचारला जात नाही. मला मात्र तो लढायांच्या तारखांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर, बहुतेकांना खबर लागतच नसे, हेच आहे. मौन हाच नियम होता आणि पत्र हा अपवाद होता. हे मौन समाजाने किती गृहीत धरले होते, याचा पुरावा धर्मशास्त्रात सापडतो. परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षे काही वार्ता आली नाही, तर पळसाच्या तीनशे साठ देठांची त्याची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, सुतक धरावे आणि श्राद्धादी कृत्ये सुरू करावीत, असा पालाशविधी निबंधग्रंथांनी सांगून ठेवला आहे. याहून विलक्षण तरतूद पुढची आहे: असा माणूस नंतर जिवंत परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाहविधी करावा. एखादी घटना वारंवार घडत असल्याखेरीज शास्त्रकार तिच्यासाठी एवढा तपशीलवार विधी लिहून ठेवणार नाहीत. बारा वर्षे उंबरठ्याकडे पाहणाऱ्या त्या स्त्रीचे कुंकू कोणत्या दिवशी पुसायचे, हे कळवायला कागद येत नव्हता, म्हणून ते पंचांगाने ठरवावे लागत होते.

काशीयात्रेस निघालेल्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला जाणारे लोक रडत, ते याच कारणाने. तथापि तीर्थक्षेत्री एक अशी व्यवस्था होती, की जिला टपाल म्हणता येणार नाही, पण जिने टपालाचे थोडे काम शतकानुशतके केले. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यायांच्या लांबट वह्यांत आलेल्या प्रत्येक यात्रेकरूचे गाव, कूळ, बापआज्यांची व सोबतच्या माणसांची नावे लिहून ठेवण्याचा दंडक होता. दहा-पंधरा वर्षांनी त्याच गावचा दुसरा कोणी तेथे पोचला, म्हणजे उपाध्याय त्याच्या गावाचे पान उलगडी, आणि घरून नाहीशा झालेल्या चुलत्याचे नाव, मिती आणि त्याच्या स्वतःच्या हातची सही अकस्मात समोर येई. हा निरोप कोणाच्या नावे धाडलेला नसे. तो वहीत पडून राही आणि ओळखीचे माणूस येण्याची वाट पाही.

अशा प्रवासाचे आपल्या भाषेतील सर्वांत जिवंत चित्र रत्नागिरीच्या उत्तरेकडील शेजारी जिल्ह्यात, पेणजवळच्या वरसई गावी राहणाऱ्या विष्णुभट गोडसे यांनी रेखाटले आहे. घरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने, काका रामभटांसह ते १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, लूट, पळापळ या सर्वांतून ते गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन १८६० मध्ये घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी मातापित्यांना स्नान घातले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. लोक तो झाशीसाठी वाचतात. मी तो वाचतो तेव्हा माझे लक्ष झाशीपेक्षा वरसईकडे राहते. ज्या मुलखात कंपनी सरकारचेही टपाल जागजागी तुटले होते, तेथून एका गरीब भिक्षुकाची खुशाली कोकणात पोचवणार कोण?

श्रीमंतांची आणि दरबारची गोष्ट निराळी होती. पेशवाईत जासूद, कासीद, सांडणीस्वार होते. सावकारी पेढ्यांचे लखोटे हुंड्यांबरोबर चालत. परंतु सामान्य रयतेला यांचा लाभ क्वचितच होई. तिचे टपाल म्हणजे ओळखीचे माणूस: मुंबईस निघालेला तांडेल, घाटावर मीठ घेऊन जाणारा बैलवाला, रजेवर आलेला शिपाई, माहेरवाशिणीला न्यायला आलेला मुराळी. कागद असलाच तर तो पागोट्याच्या पेचात अथवा कनवटीस बांधून जाई. बहुधा कागद नसेच, तोंडी निरोपच असे, आणि तो नेणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर व भलेपणावर सोपवलेला असे.

कागद लिहिलाच, तर तो मोडीत, बोरूने आणि ठरलेल्या घाटात लिहिला जाई. माथ्यावर ‘श्री’, मग वडिलांस ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, धाकट्यास ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, त्यानंतर ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’, आणि मग कुठे दोन ओळींत खरा मजकूर. आज हा सारा मायना आपल्याला पोकळ वाटतो, पण पत्र घरात उलगडले जाई तेव्हा ऐकणारे दहाजण असत, वाचणारा एखादाच असे, आणि तोही कित्येकदा शेजारचा असे. मायन्याच्या पहिल्या दोन ओळी कानी पडल्या, की माणूस जिवंत आहे आणि थोरामोठ्यांची आठवण ठेवून आहे, एवढे सर्वांना कळून जाई. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असे. मृत्यूच्या पत्रावर ‘श्री’ नसे. ते घराबाहेर वाचून, फाडून टाकून, ऐकणारे स्नानास जात. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कागदाचा माथा दुरून पाहिला तरी अर्धे वर्तमान कळे.

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपाल आपल्या हाती घेतले, परंतु दर अंतरावर असल्याने ते रयतेच्या कामाचे नव्हते. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. खरा पालट १ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला, तेव्हा अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या आतील पत्रास अर्धा आणा असा एकच दर साऱ्या कंपनीच्या मुलखात लागू झाला. तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट हशील घेणाऱ्याकडून वसूल करीत. तरीही असंख्य लोक बिनतिकिटाचीच पत्रे धाडीत, आणि त्यामागे केवळ कंजूषपणा नव्हता: पैसे आधीच भरले तर शिपायाला पत्र पोचवण्याची काय गरज, आणि वसूल करायचे असतील तर तो पत्ता शोधत येईलच, असा त्यांचा अनुभवसिद्ध तर्क होता. सरकारचा कायदा नवा, पण मधल्या माणसाचा भरवसा कसा धरावा, ही चिंता जुनीच होती.

पुढे जुलै १८७९ मध्ये एका पैशाचे कार्ड निघाले, आणि १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू झाली. या दोन गोष्टींनी रत्नागिरीच्या घराघरांत जो फरक पडला, तो आगबोटींनीही पडला नसेल. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यांपैकी सव्वा लाखाच्या वर माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे मुंबईतील दर सहा माणसांमागे एक आमच्या जिल्ह्याचा. गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत, घरगड्याच्या कामात असलेला हा चाकरमानी वर्षाकाठी शिमग्याला किंवा गणपतीला आला तर आला. एरवी महिन्याची मनिऑर्डर हेच त्याचे पत्र. ती वेळेवर आली म्हणजे नोकरी शाबूत आहे आणि अंगात ताप नाही, दोन रुपये कमी आले म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे, आणि मुळीच आली नाही, तर मुंबईहून येणाऱ्या आगबोटीचे उतारू ज्या पडावातून किनाऱ्याला लागत, त्या पडावापाशी जाऊन प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याला विचारायचे, “आमचा दिसला का?”

या व्यवहारात घरी राहिलेल्या स्त्रीची जागा नीट पाहिली पाहिजे. गावातील शाळामास्तरच पुष्कळ ठिकाणी टपालाचेही काम पाही. कार्ड वाचायचे त्याच्याकडून आणि उत्तर लिहायचे तेही त्याच्याच हातून. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा दंडक असल्याने पत्ता सांगतानाच अडचण पडे. मग ती ‘बाबल्याच्या बापसाला’ म्हणे, सोबतचे पोर मोठ्याने नाव सांगे आणि मास्तर लिही. जिथे नावच दुसऱ्याच्या तोंडून वदवावे लागे, तिथे मनातले काय सांगणार? गाय व्याली, चुडते आणून घर शाकारले, मुलाला खोकला आहे, पैसे पावले; यापलीकडे त्या कार्डांवर काही जात नसे. पण अशा स्त्रिया काही सांगू इच्छीत नव्हत्या असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या हाताने आपल्या माणसाला लिहिता येणे हा स्त्रीशिक्षणाचा किती मोठा लाभ होता, हे त्या काळच्या वादविवादांत कोणी पुरेसे बोलून दाखवलेले नाही.

ज्यांना हा लाभ मिळाला, त्यांचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांचे पती गोपाळराव हे स्वतः टपालखात्यातले नोकर, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्यांच्या पत्रांवर आयुष्यभर शिक्के मारणारा हा मनुष्य पत्राच्या सामर्थ्यावर एवढा विसंबला, की पत्रांतूनच जोडलेल्या एका अमेरिकन कुटुंबात त्याने आपली अठरा वर्षांची पत्नी एकटी पाठवली. १८७६ पासून हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील असल्याने पत्र पोचण्याची खात्री होती. पण प्रश्नाला उत्तर यायला कित्येक आठवडे जात. गोपाळरावांचे रागाचे पत्र हाती पडेपर्यंत त्यांचा राग निवळलेला असे आणि आनंदीबाईंची व्याकुळता मात्र तेव्हा सुरू होई. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे या पत्रव्यवहाराचा मोठा भाग आपल्यासमोर आला. तेथे मास्तर मध्ये नाही, शेजारी ऐकत नाहीत, आणि म्हणूनच ते भांडण व ते प्रेम इतके उघडे आहे.

टपालाचे जाळे विणून पूर्ण झाले तरी शेवटचा हात माणसाचाच राहिला. दापोलीच्या कॅम्पात काही काळ राहिलेले आणि मूळचे मंडणगडाकडील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ हे १९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात कोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांसाठी चाललेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. मुले साताऱ्यास होती. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे रामजींनी लिहिले. मुलांनीही निघण्याचा दिवस कळवून उलट पत्र टाकले. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, होता. बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत त्या प्रवासासाठी शिवलेले नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे यांचा उल्लेख आहे. मुले मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलेले नव्हते. महार असल्याचे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक गाडी मिळाली. रात्र वाटेत गेली, शिदोरी जवळ असून प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून तिची गाठ न सोडता गेली. दुसऱ्या दिवशी मुले पोचली तेव्हा वडील चकित झाले, कारण ती येणार हे त्यांना ठाऊकच नव्हते. टपालखात्याने आपले काम चोख केले होते. पत्र वेळेवर कोरेगावास आले होते, रामजींच्या नोकराने ते घेतले होते, आणि आपल्या धन्याला ते द्यायचे तो विसरला होता. सवर्णांच्या मुलांचे असे पत्र चुकले असते तर ती स्टेशनाबाहेरच्या पहिल्या गाडीत बसून दिवेलागणीला घरी पोचली असती.