काळा पडलेला घोयरा

पावसाळा सरत आला की शहापूर-मुरबाडकडच्या सर्पमित्रांना एक वेगळा फोन येऊ लागतो. सापांचे फोन असतातच. भात पोटरीला येतं, उंदीर वाढतात, त्यांच्यामागे धामण येते, घोणस येते. पण मधूनच कुणीतरी विचारतं, "रस्त्यात काहीतरी हिरवं डुलत चाललंय, सरड्यासारखं, पण पळत नाही. काय आहे?" तो घोयरा, म्हणजे भारतात रानात सापडणारा एकमेव खरा शॅमेलिऑन. त्याचे बाकीचे भाऊबंद बहुतेक आफ्रिकेत आणि मादागास्करात. एरवी फांदी न सोडणारा हा प्राणी या दिवसांत जमिनीवर दिसतो. नर जोडीदाराच्या शोधात उतरतो, मादी अंडी घालायला भुसभुशीत माती शोधत. एक पाऊल टाकायचं, मागेपुढे झुलायचं, मग दुसरं. ही चाल बघता कल्याण-नगर रस्ता त्याला फारच रुंद पडतो.

मी ज्याच्याबरोबर फिरतो तो सर्पमित्र किन्हवलीकडचा. हळव्या भाताची कापणी सुरू होती तेव्हा सरळगावच्या पुढच्या एका पाड्यावरून त्याला फोन आला. या वेळी मोठा घोयरा नव्हता, पिल्लू होतं. शेपटी धरून जेमतेम बोटाएवढं. करवंदीच्या जाळीत पोरांना सापडलं, त्यांनी ते प्लॅस्टिकच्या बरणीत घातलं आणि आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात एका लाल पंचावर बसवलेलं होतं. भोवती वीस-पंचवीस माणसं. मोबाइल समोर धरलेले.

"हात नका लावू रं त्याला, इख असतं त्याच्यात," ओट्यावरून म्हातारी ओरडत होती.

"नाही हो आजी, विष नाही. मोठा असता आणि चावला असता तरी चिमटा बसल्यासारखं वाटलं असतं, एवढंच."

बरणीवाल्या पोराची तक्रार निराळी होती. "दादा, आम्ही त्याला लाल करत होतो. होतच नाही. नुसता काळा पडलाय."

खरोखरच काळा पडला होता. हिरव्याचा मागमूस नाही. गर्द तपकिरी, जवळजवळ काळं अंग, त्यावर दोन्ही कुशींना फिकट ठिपक्यांच्या ओळी. अंग दोन्ही बाजूंनी चेपून उभं केलेलं, म्हणजे बाजूने बघणाऱ्याला तो आहे त्याहून मोठा दिसावा. तोंड उघडं. कान जवळ नेला तर बारीक फुसफुस. एक डोळा पोरावर, दुसरा आमच्यावर. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरत होते. गर्दीला यात तमाशा दिसत होता. माझ्या सोबत्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "फुल टेन्शनमध्ये आहे. आधी सगळे मागे सरका."

ज्या रंगाच्या कापडावर ठेवाल तो रंग घोयरा घेतो, ही समजूत खेड्यात आहे तशी शहरातही आहे, आणि अलीकडच्या रील्सनी ती पार पक्की केली आहे. घोयरा हिरवा असतो तो पानांत राहतो म्हणून, आणि तेवढ्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यात तो लपतोही छान. पण लाल पंचा, निळी चादर, पिवळी पिशवी यांच्याशी त्याच्या कातडीला काही कर्तव्य नाही. डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसल्ली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं ते असं की रंग झपाट्याने बदलण्याची ताकद वाढत गेली ती लपण्यासाठी नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला आणि जोडीदाराला दिसण्यासाठी. कापडं बदलत जाणाऱ्या माणसाला जे रंग दिसतात ते बहुतेक भीतीचेच कमी-जास्त थर असतात. असले व्हिडिओ बघून हसू येणाऱ्यांचा मला राग येत नाही. ते मुद्दाम काढणाऱ्यांचा येतो.

त्याला उचलायची पद्धत साधी असते, पण घाईने बिघडते. वरून हात नेला की त्याच्या लेखी तो शिकरा. त्यामुळे माझा सोबती बाजूने, खाली बसून, निरगुडीची एक काटकी हळूच त्याच्या छातीखाली सरकवतो आणि थांबतो. घोयऱ्याच्या पायाची पाच बोटं दोन जुडग्यांत वाटलेली असतात. पुढच्या पायात आत तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायात बरोबर उलट. समोर काटकी आली की हे चिमटे आपसूक ती धरतात. पंचाच्या धाग्यांत अडकलेली नखं ओढून सोडवायची नसतात, नाहीतर ती दुखावतात. पिल्लाने एक पाय टाकला, मग दुसरा, मग शेपटीचा वेढा काटकीला घातला. वेढा घट्ट होता. सोबत्याने मान हलवली. ही पहिली चांगली खूण.

काटकीसकट त्याला जाळीच्या झाकणाच्या खोक्यात ठेवून ते गोठ्यामागच्या सावलीत नेलं. पोरांना पंचा परत दिला. पानांवर स्प्रेने थोडं पाणी मारलं, कारण वाटीतलं पाणी घोयऱ्याला पाणी वाटतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. नाकतोडा आणू का, असं दोघांनी विचारलं. "नको, घाबरलेलं पिल्लू खात नाही, आणि तोंडात कोंबलं तर मरेल." मग काहीच करायचं नव्हतं. या कामातला बराचसा भाग हाच असतो, आणि बघ्यांना तोच सगळ्यात कंटाळवाणा वाटतो.

वाट बघताना रंग वाचायचा असतो. आणि इथे अडचण अशी की काळा रंग एकच असला तरी कारणं दोन असतात. आसनगावहून माहुलीच्या पायथ्याकडे जाताना एकदा थंडीतल्या सकाळी कुंपणावर बसलेला मोठा घोयरा पाहिला होता. तोही असाच काळपट. पण अर्धाच. उन्हाकडची कूस काळी, सावलीकडची हिरवट. अंग तिरपं करून तो नुसता ऊन खात होता. काळं अंग लवकर तापतं, हे त्याच्या कातडीला ठाऊक असतं. कुशीवर एक पान आडवं आलं होतं. वाऱ्याने ते हललं तेव्हा त्याखाली पानाच्या आकाराचा फिकट डाग तेवढा उरलेला दिसला. तो काळा रंग सुखाचा होता. तोंड मिटलेलं, अंग सैल, डोळे माश्यांच्या मागे. भर दुपारी तोच प्राणी फिका पडतो, तेही उन्हापासून वाचायला. आणि रात्री झोपेत इतका पांढुरका होतो की टॉर्चच्या उजेडात पानांतून चटकन उठून दिसतो.

म्हणून नुसता रंग सांगून चालत नाही. वेळ कोणती, ऊन कुठे, डोळे कसे, पकड कशी, हे सगळं एकत्र घ्यावं लागतं. सावलीत, चार वाजता, तोंड वासून काळा: भीती. सकाळच्या उन्हात, तोंड मिटून काळा: ऊब. रात्री फिका: झोप. पण दिवसाउजेडी फिका, डोळे मिटलेले किंवा खोल गेलेले, शेपटी सैल असेल, तर मात्र गाडी काढून जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं. नवख्या माणसाला गडद रंग पाहून धास्ती वाटते आणि फिका पाहून हायसं वाटतं. पुष्कळदा उलटं असतं.

कातडीत नेमकं काय घडतं याचा मोठा उलगडा २०१५मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या गटाने केला, मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर. कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असला की ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. वर पिवळं रंगद्रव्य असतं, दोन्ही मिळून हिरवं दिसतं. नर चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, तांबडा उजेड परतू लागतो. पण या पेशींचा वरचा थर पुरता वाढतो तो प्रौढ नरांतच. पिल्लाकडे ही आतषबाजी नसते. त्याच्या अंगावर आपल्याला दिसतो तो मुख्यतः काळ्या रंगद्रव्याचा खेळ: पेशीच्या फांद्यांमधून त्याचे कण पसरले की गडद, मधोमध गोळा झाले की उजळ. बरणीवाल्या पोराला लाल रंग हवा होता; तो द्यायला पिल्लाकडे सामानच नव्हतं.

अर्ध्या तासाने खोक्यात डोकावलो तेव्हा तोंड मिटलं होतं. काळा रंग आधी पाठीवरून उतरला, मग कुशींवरून. ठिपके हिरव्यात बुडाले. पानाच्या टोकावरचा थेंब त्याने चाटला. नखं शाबूत, पोटाला जखम नाही, गोचीड नाही.

तोवर वनरक्षक आला होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयरा पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सोडवलेल्या जनावराची नोंद वनखात्याकडे झालेली सर्पमित्राच्याही सोयीची. पोराने विचारलंच, "मग आम्ही पाळू का? यूट्यूबवर पाळतात की." तिथे दिसतात ते बहुधा येमेनकडचे, पिंजऱ्यात पैदा झालेले. २०२४च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांचीही केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद सक्तीची झाली आहे. वनरक्षकाने एवढं सगळं सांगितलं नाही. "जेलमध्ये जायचंय का?" एवढंच म्हणाला. पोर गप्प. मला ते उत्तर थोडं आखूड वाटलं, पण लागू पडलं.

कुठे सोडायचं यावर मात्र थोडी वादावादी झाली. गावातल्या एका काकांचं म्हणणं, गाडी आहे तर तानसा अभयारण्यात नेऊन सोडा, जंगलात सुखात राहील. असं पुष्कळ जण मनापासून म्हणतात, आणि काही सर्पमित्र तसं करतातही. पण तास-दोन तास गाडीत हिंदकळून अनोळखी झाडावर पडायचं, म्हणजे पिल्लाच्या वाट्याला दुसरी बरणीच. ते ज्या करवंदीत जन्मलं असेल, तिथली सावली, माश्या, दव त्याच्या सवयीचे. दिवस मावळायच्या आत सोडलेलं बरं, म्हणजे झोपायची फांदी त्याला स्वतःला निवडता येते.

काटकी करवंदीच्या जाळीत, कंबरेच्या उंचीवर टेकवली. काकांचं समाधान झालेलं नव्हतं.

"आणि परत आला अंगणात तर?"

"काठीवर घ्या, कुंपणात ठेवा. मोठा रस्त्यावर दिसला तर ज्या बाजूला तोंड असेल त्याच बाजूला सोडा. लागलं असेल, रक्त असेल, तरच फोन करा. मी नाही उचलला तर वनखात्याचा १९२६ लावा."

"आणि काळा पडला तर?"

"मग तुम्ही लांब जा."