अनुदानाची अट : लिंडन जॉन्सन यांचा ‘ग्रेट सोसायटी’ कार्यक्रम वर्गात कसा शिकवावा?

अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा ‘ग्रेट सोसायटी’ कार्यक्रम बहुधा दोन रीतींनी शिकवला जातो. पहिली रीत यादीची. १९६४ सालचा नागरी हक्क कायदा, त्याच वर्षीचे आर्थिक संधीचे आणि अन्नकुपनांचे कायदे. १९६५ साली शाळांना केंद्राचं अनुदान, वृद्धांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड, मतदानाचा हक्क, स्थलांतर, उच्च शिक्षण. आणि शेवटी १९६८ सालचा घरांविषयीचा कायदा. विद्यार्थी हे सगळं सनावळीसकट पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. दुसरी रीत चरित्राची. टेक्सासमधल्या कोटुला गावी १९२८-२९ साली मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवणारा गरीब तरुण पुढे अध्यक्ष होतो, आणि शाळांच्या अनुदानाच्या कायद्यावर स्वतःच्या जुन्या शाळेच्या आवारात, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून सही करतो. गोष्ट खरी आहे, ऐकायलाही गोड आहे. पण कायदा मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी गावात काय बदललं, हे या दोन्ही रीतींत कुठेच कळत नाही. माझं म्हणणं असं, की हा विषय शिकवायचा तर वीस कायद्यांऐवजी एकाच कायद्याची अंमलबजावणी मुळापासून शिकवावी, आणि त्यासाठी मेडिकेअर व दक्षिणेतली रुग्णालयं यांच्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

त्याची सुरुवात जॉन्सन यांच्या कितीतरी आधी होते. १९४६ साली हिल-बर्टन कायद्याने रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा मिळू लागला. गोऱ्यांची आणि काळ्यांची सोय वेगळी पण ‘समान’ असली तरी चालेल, अशी पळवाट त्या कायद्यातच लिहिलेली होती. परिणामी सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींत काळ्या रुग्णांसाठी वेगळे वॉर्ड आले आणि काही ठिकाणी तर त्यांना प्रवेशच मिळेना. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथले दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध दावा लावला. १९६३ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर जुलै १९६४मध्ये नागरी हक्क कायदा आला. त्याचं सहावं प्रकरण थोडक्यात इतकंच सांगतं : जिथे केंद्राचा पैसा जातो तिथे वंशभेद चालणार नाही, चालवलात तर पैसा बंद. मात्र तोवर रुग्णालयांच्या रोजच्या खर्चात केंद्राचा वाटा फारसा नव्हता. त्यामुळे या कलमाची कुणाला धास्ती वाटावी, असं काही नव्हतं.

३० जुलै १९६५ रोजी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या साक्षीने, मेडिकेअरवर सही झाली. योजना सुरू व्हायची तारीख होती १ जुलै १९६६. म्हणजे हाती जेमतेम अकरा महिने. आता पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाचं बिल केंद्र भरणार होतं आणि तो पैसा सोडणं कुठल्याच रुग्णालयाला परवडणारं नव्हतं. योजना राबवणाऱ्या केंद्रीय खात्याने ठरवलं की नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागवायचं नाही. इकडून-तिकडून उसने घेतलेले कर्मचारी तपासनीस म्हणून गावोगाव गेले. त्यांचे प्रश्न साधे होते. एका खोलीत काळा आणि गोरा रुग्ण शेजारीशेजारी ठेवता का? उपाहारगृह, प्रतीक्षालय, स्वच्छतागृह एकच आहे का? काळ्या डॉक्टरला इथे आपले रुग्ण दाखल करता येतात का? तपासणीच्या दिवसापुरते रुग्ण या खोलीतून त्या खोलीत हलवण्याचे प्रकारही झाले. पण त्याच रुग्णालयांत काम करणारे काळे कर्मचारी तपासनिसांना आतली खबर पुरवत होते, हे या प्रकरणाचे अभ्यासक डेव्हिड बार्टन स्मिथ यांनी तपशिलाने मांडलं आहे. योजना सुरू झाली तेव्हा सुमारे ७,००० रुग्णालयांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्णालयांनी अट मान्य केली होती.

विद्यार्थ्यांपुढे याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन’ निकाल १९५४ सालचा. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६३-६४ साली, दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत शिकणारी काळी मुलं होती फक्त १.२ टक्के. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला दहा वर्षांत जमलं नाही, ते रुग्णालयांच्या बाबतीत वर्षाच्या आत कसं घडलं? आदेशाचं पालन कोण करून घेणार, कोणत्या साधनाने, आणि न पाळणाऱ्याचं नुकसान काय, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्याचं उत्तर सापडत नाही. सुधारणा म्हणजे काय, याची उकल सहीच्या समारंभापेक्षा या प्रश्नाने अधिक होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : एवढं करून साधलं काय? १९८८ साली अध्यक्ष रेगन यांनी संसदेपुढे म्हटलं होतं की सरकारने गरिबीशी युद्ध पुकारलं आणि गरिबीच जिंकली. हे वाक्य वर्गात आणावंच, पण आकड्यांसह. अधिकृत मोजणीनुसार १९६४ साली १९ टक्के अमेरिकन दारिद्र्यरेषेखाली होते, १९७३ साली ११.१ टक्के. पुढे घसरण थांबली आणि १९८३ साली प्रमाण पुन्हा १५ टक्क्यांवर गेलं. पण ही रेषा कशी आखली गेली, हेही मुलांनी समजून घ्यावं. सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याला तिनाने गुणलं, कारण तेव्हाच्या पाहणीप्रमाणे कुटुंबाच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा खाण्यावर जाई. या मोजणीत फक्त रोख उत्पन्न धरतात. अन्नकुपनं आणि मेडिकेड, म्हणजे खुद्द ‘ग्रेट सोसायटी’ने दिलेली मदत, त्यात येतच नाही. ज्या मापात औषध मोजलं जात नाही, त्याच मापाने औषध निरुपयोगी ठरवण्यासारखं हे आहे. अर्थात १९७३पर्यंतची सगळी घट जॉन्सन यांच्या खात्यावर टाकणंही चूक. त्यात तेजीचा आणि वाढत्या निवृत्तिवेतनाचा मोठा वाटा होता. म्हणूनच एकूण आकड्यापेक्षा एकेका योजनेचा माग अधिक भरवशाचा. डग्लस अल्मंड, केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी मिसिसिपीतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयांतला भेद संपल्यानंतर काळ्या अर्भकांचे जुलाब आणि न्यूमोनिया यांनी होणारे मृत्यू झपाट्याने घटल्याचं दिसलं. वेळेवर रुग्णालयात नेलं तर टळणारे हे मृत्यू.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा मांडणीने जॉन्सन यांची आरती ओवाळली जाते, व्हिएतनाम विसरलं जातं. युद्धाने पैसा आणि राजकीय बळ दोन्ही खाल्लं, हे खरंच; १९६८ साली प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मंजूर करून घेताना त्यांना खर्चात मोठी कपात कबूल करावी लागली. पण अंमलबजावणीची बाजू शिकवली की उणिवा झाकल्या जातात, असं मुळीच नाही. शिकागोचं प्रकरण पाहा. १९६५च्या शरदात शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल यांनी वंशभेदाच्या तक्रारींवरून या शहराच्या शाळांचे सुमारे ३ कोटी डॉलर रोखले. महापौर रिचर्ड डेली यांनी थेट अध्यक्षांनाच गाठलं आणि काही दिवसांत पैसा मोकळा झाला. डेलींच्या हातात इलिनॉयची डेमोक्रॅटिक यंत्रणा होती. अलाबामातल्या एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्तांच्या हातात तसं काही नव्हतं. मेडिकेअरमध्येही डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांतली फी या अटीतून वगळलेलीच होती. अट कुणावर चालते आणि कुणापुढे नमते, हे मुलांना यादीतून कधी कळणार? सत्तरी ओलांडलेल्या मराठी वाचकाला जॉन्सन आठवलेच, तर ते पीएल-४८० या अमेरिकी मदतयोजनेतल्या गव्हामुळे. १९६५-६६च्या टंचाईत भारताने शेतीचं धोरण बदलावं म्हणून ते गहू थोडा थोडा, हात आखडून सोडत होते. मदतीला अट जोडायची ही खोड त्यांची देशात आणि परदेशात सारखीच होती, आणि तिचं मोल दोन्हीकडे एकच ठरवता येत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न. परीक्षेला यादी विचारतात, शिक्षकाला दोन-तीन तास मिळतात. मान्य. पण यादी पाठ्यपुस्तकात छापलेलीच असते, ती फळ्यावर पुन्हा उतरवण्यात तास घालवायचे कशाला? त्याऐवजी नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण, जे अवघं काही परिच्छेदांचं आहे, वाचायला द्यावं. तपासनिसाचे प्रश्न द्यावेत. ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयाने खुली केलेली दूरध्वनी संभाषणं आहेत, त्यांतलं एखादं ऐकवावं. जानेवारी १९६५मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झालेलं संभाषण पुरेसं आहे. मग अर्ध्या वर्गाला रुग्णालयाचे विश्वस्त करावं, अर्ध्याला खातं. एवढं केल्यावर विद्यार्थी बाकीचे कायदे स्वतःच तपासू लागतो. गरिबांचा ‘जास्तीत जास्त सहभाग’ मागणारा आर्थिक संधी कायदा महापौरांना का खुपला, हे त्याला डेलींवरून उमजतं.

स्थलांतराचा कायदाही असाच तपासावा, कारण तिथे अंमलबजावणी कायदा करणाऱ्यांच्या अंदाजापलीकडे गेली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिबर्टी बेटावर सही करताना हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असंच जॉन्सन यांनी सांगितलं होतं. १९४६पासून भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो गेला आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशासाठी २०,०००ची मर्यादा आली; नातेवाइकांबरोबरच उच्चशिक्षितांनाही प्राधान्य मिळालं. त्याच सुमारास मेडिकेअर-मेडिकेडमुळे रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले होते. पुण्या-मुंबईहून निघालेले डॉक्टर आणि इंजिनिअर या दारातून आत गेले. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्या डॉक्टर-इंजिनिअरांची नातवंडं आज न्यू जर्सीच्या शाळांत अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरासाठी जी यादी घोकतात, तिच्यात हा कायदा बहुधा एका ओळीत येतो.