पान, समास आणि मोकळी जागा

कोरी जागा म्हणजे वाया गेलेला कागद, ही समजूत आपल्या मंडळांच्या वार्षिक अंकांत फार खोल रुजलेली आहे. जाहिरातीखाली अभिनंदन, अभिनंदनाखाली सुभाषित आणि उरल्या कोपऱ्यात वेलबुट्टी! अशा पानावर आजोबांची नजर ठरत नाही. आणि हिंदी शाळेत शिकणारी नातवंडे, ज्यांना मराठी मजकूर मुळातच अडखळत वाचावा लागतो, ती तर पहिल्याच परिच्छेदाशी अंक मिटतात. मराठी घरात टिकावी असे आपणांस वाटत असेल, तर मांडणीचा प्रश्न क्षुल्लक खचित नव्हे.

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. पोथीचे आडवे पान पाहावे: दोहों बाजूंस प्रशस्त समास, मध्ये मजकुराची रेखीव चौकट. राजस्थानातील लेखनिक दोरे ताणून बसविलेल्या लाकडी पाटीवर कागद दाबून समान अंतराच्या ओळी उमटवीत. युरोपात या शिस्तीला शास्त्राचे रूप आले. यान चिखोल्ट यांनी १९४७ ते १९४९ या काळात पेंग्विनच्या स्वस्त पुस्तकांची मांडणी नियमबद्ध केली. झ्यूरिकच्या योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी १९८१ साली जाळीच्या मांडणीवर ग्रंथच लिहिला. पान अदृश्य रेषांनी समान घरांत विभागावे आणि मथळा, मजकूर, चित्र यांनी त्या घरांच्या कडा सोडू नयेत, हे त्याचे सार.

मात्र ही जाळी रोमन अक्षरांसाठी विणलेली आहे. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. वर वेलांटी, खाली उकार. म्हणून दोन ओळींतील अंतर वाढवावे लागते आणि चित्राची वरची कड मात्रेशी नव्हे, शिरोरेषेशी जुळवावी लागते. भोपाळमध्ये आणखी एक अडचण उद्भवते. येथील छापखान्यांत पानांचे साचे हिंदीसाठी बेतलेले असतात. हिंदीत ‘विद्यालय के सामने वालों ने भी’ हे सहा सुटे शब्द होतात. मराठीत ‘विद्यालयासमोरच्यांनीसुद्धा’ हा एकच लांबलचक शब्द! अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ राखू गेल्यास ओळीओळींत खिंडारे पडतात. मराठीला स्तंभ रुंद हवा, किंवा उजवी कड मोकळी सोडावी.

करोंदच्या आमच्या शाळेत भित्तिपत्रकासाठी मुलांनी गणिताच्या चौकटीच्या वहीवर पानाची सहा घरे आखली आणि त्यांपैकी एक कोरे ठेवण्याचे ठरविले. कोणते घर कोरे ठेवावे, यावरच अधिक वाद झाला. आणि तो व्हावयासच हवा होता.

खजिनदारांचा आक्षेप मला ठाऊक आहे: जाहिरातदार रुसतील. त्यांच्यासाठी १६ पानांच्या फर्म्यातील शेवटची चार पाने सलग राखून ठेवावीत. उरलेल्या बारा पानांत दोन लेख कमी घ्यावेत आणि अक्षर एक पॉइंट मोठे करावे.