ताडाचा रस आणि इंग्रजीतील ‘टॉडी’

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत शेतांच्या बांधांवर व ओढ्यांच्या काठी उभे असणारे ताड आणि शिंदी हे वृक्ष वारली आदिवासींच्या जीवनात इतके मिसळून गेले आहेत, की त्यांच्या तारपा या वाद्याच्या घडणीतही भोपळा आणि बांबू यांच्या जोडीस ताडपत्र लागते. आणि ज्या रसामुळे या वृक्षांची महती, त्याचे नाव इंग्रजीने सतराव्या शतकाच्या आरंभीच उचलले. संस्कृत ‘ताल’पासून आलेल्या ‘ताडी’तील मूर्धन्य वर्ण इंग्रजांच्या परक्या कानांना कधी ‘र’ वाटला, कधी ‘ड’. म्हणून जुन्या प्रवासवृत्तांत ‘टारी’सारखी रूपेही सापडतात, परंतु टिकले ते ‘टॉडी’.

अठराव्या शतकापासून ब्रिटनमध्ये मात्र याच नावाने व्हिस्की, उकळते पाणी आणि साखर यांचे मिश्रण प्याले जाऊ लागले, ज्यात ताडाच्या रसाचा थेंबही नसतो. या स्थित्यंतराचे कारण, माझ्या मते, रसाच्या रसायनातच आहे. फुलोऱ्याच्या देठाला रोज नवा काप देऊन मडक्यात साठविलेल्या या रसात शेकडा दहा ते पंधरा भाग साखर असते, आणि तीही मुख्यतः उसात असते तीच. परंतु रस झिरपू लागतो न लागतो तोच मडक्यातील व हवेतील किण्व आणि झायमोमोनस नावाचे जीवाणू तिचे मद्यार्कात रूपांतर करू लागतात, दुग्धाम्लाचे जीवाणू आंबटपणा आणतात, आणि पहाटे जी नीरा मधुर असते ती काही तासांतच शेकडा चार-पाच भाग मद्यार्काची ताडी होऊन पुढे ॲसेटिक आम्लामुळे शिरक्याकडे झुकते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या जहाजाच्या प्रवासात असे द्रव्य टिकणे अशक्य. तेव्हा नाव तेवढे विलायतेस पोहोचले.

इकडे सरकारची दृष्टी या नाशवंत रसावरही पडलीच. मुंबई इलाख्याच्या 1878 च्या आबकारी कायद्याने ताडी काढण्यास परवाना आवश्यक झाला आणि छेदलेल्या प्रत्येक झाडावर कर बसला. म्हणजे जो रस आदिवासी कुटुंबास अन्न व पेय या दोन्ही नात्यांनी मिळत होता, त्याचे माप महसुलाच्या दप्तरात होऊ लागले, आणि हा अन्यायच होता.

‘टॉडी’चा मूळ अर्थ मात्र इंग्रजीत अगदी लोपला नाही: रात्री ताडावर चढून मडक्यातील रस पिणाऱ्या उदमांजराला त्या भाषेत आजही ‘टॉडी कॅट’ म्हणतात.