किनाऱ्यावरून समुद्राची उमेदवारी

पेढीवर उमेदवारी केल्यावाचून व्यापार अंगी मुरत नाही, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. मुलाने आधी वखारीत मालाची पारख शिकावी, मग वही हाती घ्यावी. गल्ल्याजवळची जागा त्यानंतर. समुद्रविज्ञानातही कालपरवापर्यंत हीच रीत होती. तरुण संशोधकाने नौकेवर चढावे, पहिले दोन दिवस डोके धरून पडून राहावे आणि मग ज्येष्ठांच्या हाताखाली रात्रपाळीला उभे राहून पाण्याचे नमुने घेण्यास शिकावे.

अडचण आहे ती जागेची. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्याकडे आज ‘सिंधु साधना’ ही संशोधननौका आहे. ‘सागर कन्या’ १९८३ पासून सेवेत आहे. परंतु एवढ्या मोठ्या देशात अशा नौका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि प्रत्येक नौकेवर शास्त्रज्ञांसाठी बिछाने थोडे. जे मिळतात ते साहजिकच ज्यांचा प्रकल्प आहे त्यांच्याकडे जातात. नवशिक्याची पाळी येईतो त्याचा प्रबंध लिहून झालेला असतो.

योग्य माणूस योग्य वेळी नौकेवर नसला तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण १९७७ मधील आहे. गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ‘ॲल्विन’ ही पाणबुडी उतरली. समुद्रतळातून उष्ण पाण्याचे झरे निघतात काय, हे पाहण्यासाठी भूशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ गेले होते. झरे सापडले, पण त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणाऱ्या जीवांची वस्तीच आढळली. आणि संपूर्ण मोहिमेत जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता! नमुने टिकवून ठेवण्याचे द्रावणही पुरेसे नव्हते. त्या मोहिमेत सहभागी असलेले रॉबर्ट बॅलार्ड, ज्यांनी पुढे १९८५ साली ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधण्यात मोठा वाटा उचलला, तेच नंतर एका विचाराचे आग्रही पुरस्कर्ते झाले: नौकेवर सर्वांना नेता येत नसेल, तर नौकेला दिसते ते किनाऱ्यावर सर्वांना दाखवावे. २०१० साली अमेरिकेच्या ‘ओकिॲनोस एक्सप्लोरर’ने इंडोनेशियाच्या उत्तरेकडील सागरतळाचा शोध घेतला. तेव्हा उपग्रहामार्फत येणारी चित्रे पाहत कित्येक शास्त्रज्ञ जकार्ता आणि सिएटल येथील कक्षांत बसून त्या मोहिमेत भाग घेत होते.

आपल्याकडे या वाटेने चालणारी संस्था, गंमत अशी की, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर हैदराबादेत आहे. इन्कॉइस या नावाने ओळखले जाणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्सुनामीचा इशारा देते आणि कोकणातील मच्छीमारांना मराठीतूनही सूचना पुरवते. तेथेच उपयोजित समुद्रविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि बेल्जियममधील ऑस्टेंड येथून युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाची जी ‘ओशन टीचर’ नामक प्रशिक्षणव्यवस्था चालते, तिच्याशी ते जोडलेले आहे. २०२० च्या महामारीत वर्ग बंद पडले आणि दूरस्थ शिक्षणाला अनपेक्षित वेग आला. आफ्रिकेतील किंवा एखाद्या लहान बेटावरील ज्या तरुणाला विमानाचे भाडे परवडले नसते, त्याच्यासाठी हा दरवाजा मोठाच म्हणावा लागेल.

अशा शिक्षणात प्रत्यक्ष शिकवतात काय? व्यापाऱ्याला सहज उमजेल असा एक विषय सांगतो. जगातील समुद्रांत ‘आर्गो’ नावाचे सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगक आहेत. प्रत्येक तरंगक साधारण एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजून उपग्रहाकडे धाडतो. ही सारी आकडेवारी सर्वांना विनामूल्य खुली असते. मात्र पाण्यात वर्षानुवर्षे राहून क्षारता मोजणारे उपकरण बिघडू शकते, जसा जुना तराजू हळूहळू एका बाजूला झुकू लागतो. मग त्या आकड्याचे काय करावे? पुसून टाकायचे नाही. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवायचा, शेजारी दुरुस्त आकडा मांडायचा आणि विश्वासार्हतेची खूण करायची: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे टाकाऊ. खतावणीत खाडाखोड करू नये, चूक दिसेल अशीच दुरुस्त करावी, हा आपला जुना दंडक शास्त्रज्ञांनीही पाळला आहे, हे पाहून बरे वाटते. कोणता फरक उपकरणाचा दोष आणि कोणता समुद्राचा खरा बदल, हे ओळखण्याची नजर शेकडो आलेख तपासूनच येते. ती घरी बसूनही येऊ शकते.

येथेच एक अडसर आहे. बिघडलेला तरंगक ओळखायचा तर त्याची तुलना नौकेवरून घेतलेल्या काटेकोर मोजणीशी करावी लागते. म्हणजे प्रमाणित वजने शेवटी नौकेवरच. सगळी नवी पिढी किनाऱ्यावरच शिकली तर ती वजने उद्या कोण जपणार? शिवाय, श्रीमंत राष्ट्रांनी नौका चालवाव्यात आणि इतरांनी दूर बसून त्यांची आकडेमोड करावी, अशी वाटणी रूढ होण्याची भीतीही मला खोटी वाटत नाही. दूरस्थ शिक्षण ही पहिली पायरी म्हणून उत्तम. नौकेचा पर्याय म्हणून ते पुढे केले जाऊ लागले, तर मात्र सावध व्हावे.

घरात प्रश्न उठतो तो निराळाच: महिनाभर नौकेवर मुलगी खाणार काय? प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, पण त्यापायी ‘त्यापेक्षा घरूनच शीक’ असे तिला सांगणे योग्य नव्हे. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन एम.एस्सी. झालेली मुलगी सोलापुरात बसून आज रात्रीही आर्गोची आकडेवारी उतरवून घेऊ शकते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. नौकेसाठी अर्ज करावा लागतो. तो तिने करावा, आणि खाकऱ्यांचे डबे आपण भरून द्यावेत.