मेंदूतील कृमिकोश : निदान व उपचार
एखाद्या विद्यार्थ्यास एकाएकी फेफरे आले की, बाहेरची बाधा समजून त्याला मांत्रिकाकडे नेले जाते. वस्तुतः डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीचे मेंदूतील कोश हे अनेकदा त्याचे कारण असते. या कृमीची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाणी, भाजीपाला वा अस्वच्छ हातांवाटे इतरांच्या पोटात जातात. म्हणून शाकाहारी व्यक्तीही सुरक्षित नाही. सी.टी. स्कॅन अथवा एम.आर.आय. तपासणीने निदान होते. अल्बेंडाझोलने जिवंत कोश मरतात. परंतु ते मरताना मेंदूला सूज येते. यास्तव सूज व फेफरे आवरणाऱ्या औषधांसह, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उपचार व्हावेत. शौचालये व शुद्ध पाणी यांची व्यवस्था ग्रामपंचायतीने केली आणि हात धुण्याची सवय शिक्षकांनी लावली, तर या रोगास मुळातच आळा बसेल.