विरघळणाऱ्या टाक्यांची दीडशे वर्षं

जखम शिवणारा धागा काम झाल्यावर अंगातच विरून जावा आणि विरेपर्यंत त्यानं जंतूंनाही आवरावं, या दोन्ही मागण्या शल्यविशारद जोसेफ लिस्टरनं एकदमच केल्या होत्या. ग्लासगोत प्राध्यापक असताना त्यानं जनावराच्या आतड्यापासून केलेला धागा, म्हणजे कॅटगट, कार्बोलिक या जंतुनाशक आम्लात मुरवला आणि त्या धाग्यानं एका वासराच्या मानेतली धमनी बांधली. महिनाभरानं पाहिलं, तर धाग्याच्या जागी जिवंत ऊती भरून आल्या होत्या. १८६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं. पुढं शंभर वर्षं विरघळणारा टाका म्हणजे कॅटगटच. पण ते परकं प्रथिन, त्यामुळं शरीर त्यावर चिडायचं, आणि धागा नेमका कधी सैल पडेल याचा भरवसा नसायचा.

सत्तरच्या दशकात पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ आला, १९७४ मध्ये ‘व्हिक्रिल’. हे चक्क प्लास्टिक, पॉलिएस्टरच्या घराण्यातलं. फरक इतकाच, की शरीरातलं नुसतं पाणी याचे बंध तोडतं. व्हिक्रिलमध्ये नव्वद टक्के ग्लायकोलाइड, दहा टक्के लॅक्टाइड. त्यातून सुटणारं लॅक्टिक आम्ल आपले स्नायू रोजच तयार करतात. तीन-चार आठवडे टाका ताण पेलतो, दोन महिन्यांच्या आसपास नाहीसा होतो. माझ्या मते या कहाणीतली निर्विवाद कमाई हीच.

जंतूंचं प्रकरण मात्र चिघळत गेलं. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिले. (आज अशा प्रयोगाला परवानगी मिळवणं सोपं नाही.) एरवी पू व्हायला लाखो जंतू लागत, रेशमाचा टाका असला की शंभरेक पुरत. टाका स्वतःच जंतूंचा आसरा ठरतो, आणि पीळदार, विणलेल्या धाग्याच्या फटींत तर जास्तच.

यावर उतारा म्हणून ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप दिलेलं व्हिक्रिल निघालं. २००२ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधीच, १९९८ मध्ये, ट्रायक्लोसान जंतूंच्या मेदनिर्मितीतलं एक ठरावीक विकर अडवतं, हे उघड झालं होतं. मारा एका जागी असला की जंतूंना निसटायची वाट सापडते. २०१६ च्या सप्टेंबरात अमेरिकेनं घरगुती जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसान हद्दपार केलं. दोन महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच औषधाच्या टाक्यांची, हातचं राखून का होईना, शिफारस केली. वरवर विसंगत वाटतं, पण रोज गटारात जाणारा साबण आणि जखमेपुरता धागा यांना एकच माप लावणं मला पटत नाही.

चाचण्यांनीही एकमुखी कौल दिला नाही. २०१४ च्या जर्मन चाचणीत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लेपाच्या टाक्यांत संसर्ग १४.८ टक्के, साध्यांत १६.१; म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. २०२१ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं तरीही या टाक्यांची भलामण केली आणि त्याच वर्षी ‘फाल्कन’ चाचणीचे निष्कर्ष आले: भारतासह सात देश, ५४ रुग्णालयं, ५,७८८ रुग्ण. जखम चिघळण्याचं एकूण प्रमाण २२ टक्के, आणि लेपानं ते कमी झालं नाही. लेपाचा धागा साध्याहून महाग पडतो. तेव्हा हात आखडता असलेल्या रुग्णालयानं तूर्त साधा विरघळणारा धागाच घ्यावा. क्लोरहेक्सिडिनचे, चांदीचे लेप प्रयोगशाळांत तपासले जाताहेत. त्यांनाही अशाच गर्दीच्या वॉर्डांत उतरावं लागेल.